निम्मी पावलं

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण यातलं सगळं माझ्या घरात घडलंय. डोंबिवली पश्चिम, तिसरा मजला. रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे चार.

मी रतन. लिफ्ट दुरुस्त करतो. माझी बायको योगिनी घरून कॉम्प्युटरचं काम करायची. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायची तयार गणितं असतात, ती तपासायची. ते गणित उत्तर देतं आणि त्यात फार तर किती चूक असेल, तेही सांगतं.

त्या दुसऱ्या आकड्यावर तिचा राग.

"उत्तर चुकेल हो. पण चूक केसाएवढी सांगायची आणि निघायची हातभर, मग माणूस गाफील राहतो."

"मग तू काय करतेस?"

"उठा लिफ्टवाले, दाखवते. जरा पाय हलवा."

तिने मला पलंगापासून दारापर्यंत चालवलं. मोठी नऊ पावलं. मग निम्मी टाकायला लावली. अठरा.

"जुळलं. मीही तेच करते, तेच गणित बारीक तुकडे पाडून पुन्हा. नाही जुळलं तर तो आकडा खोटा."

मग ती आजारी पडली.

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने. महिनाभर इकडेतिकडे."

मी तो आकडा धरून बसलो.

त्यानंतर तेराव्या दिवशी मंगळवार होता. सकाळी ती म्हणाली, "आज थांबता?"

"अगं, वेळ आहे अजून," मी म्हणालो आणि शीळफाट्याला कामावर गेलो.

चारच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या कल्पिताला काहीतरी पडल्याचा आवाज आला. आमची एक चावी तिच्याकडे असते. योगिनी पलंग आणि दार यांच्या मध्ये पडली होती.

तोंड दाराकडे.

मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दोन महिन्यांनी कल्पिताने मला जिन्यात थांबवलं.

"दादा, मंगळवारी दुपारी वर कोण असतं? चालल्याचा आवाज येतो."

"कोणी नसतं."

ती जिना उतरून गेली.

त्या मंगळवारी मी घरी थांबलो. पंखा बंद केला. चार वाजले...

पलंगापाशी पाऊल वाजलं.

मोठं, सावकाश. मी मोजत गेलो. नऊ. दारापाशी थांबलं.

दिसत काहीच नव्हतं.

मग पुन्हा पलंगापासून... लहान पावलं. दहा. अकरा. बारा...

पुढे नाही. ती पडली होती, तिथेच.

जुळलं नव्हतं. म्हणून ती पुढच्या मंगळवारी आली. त्याच्या पुढच्याही.

उरली होती सहा. ती मी टाकली की अठरा होतील आणि ती सुटेल, एवढं मला कळलं. तिची बारा झाल्यावर मी तिथून दाराकडे चाललो.

पाच टाकून थांबलो.

मुद्दाम. सहावं टाकलं तर ती परत कशाला येईल?

असे सात मंगळवार मी तिला फसवलं. जे तिला कधी चाललं नाही, तेच केलं.

गेल्या मंगळवारीही पाचवं टाकून थांबलो. समोर दार होतं. कडी लावलेली.

सहावं माझ्या पुढ्यात वाजलं...

दाराला अगदी लागून.

मग घरात काहीच आवाज नाही.

उद्या मंगळवार आहे. ती येईल की नाही, माहीत नाही. कामावर येणार नाही म्हणून सांगितलंय.

उद्या मी थांबणार आहे.