दुसरी बाटली

नथू किणी मेला तेव्हा त्याची मान धनुष्यासारखी मागे ओढली गेली होती. पापडीहून रोज सेवेला येणाऱ्या मटिल्डाने सकाळी सात वाजता ते पाहिलं. तिने आधी पोलिसांना फोन केला, मग घरच्यांना उठवलं.

"आधी पोलिसांना का?" फौजदार वसुंधरा साळसकरने विचारलं.

"मॅडम, वीस वर्षं आजारी माणसं सांभाळतेय. हा मरणारा पेशंट नव्हता. सव्वा महिन्यामागे लकवा झाला, पन आता बोट हलवत होता, 'पानी' म्हनत होता. सोमवारी पाठीत दुसरं इंजेक्शन झालं. मंगळवारी ताप चढला, मान लाकूड झाली. आज बुधवार."

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"विघ्नेश म्हनाला, डॉक्टरांना विचारलंय. नव्या पेशी कामाला लागल्या की ताप येतोच."

विघ्नेश हा नथूचा एकुलता मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. तो बापाच्या पायाशी बसून रडत होता. सरकारी इस्पितळाने मालिश आणि व्यायाम सांगितला, तेव्हा यानेच हट्ट करून मूळपेशींचा उपचार शोधून काढला होता. वटार गावात सगळे म्हणत, मुलगा असावा तर असा.

वसुंधराने घराभोवती चक्कर मारली. मागे केळीची वाडी, कडेला गोठा, गोठ्यात दोन म्हशी. फळीवर गुरांची औषधं आणि ती टोचायची एक पितळी पिचकारी. फळीला कुलूप नव्हतं.

संध्याकाळी शवविच्छेदन झालं.

"मेंदूच्या आवरणात पू आहे," ते करणारे डॉक्टर म्हणाले. "लकव्यानंतर मेंदूला सूज असतेच. मूळपेशी दिल्या तर ती उतरते, असं उंदरांत दिसलंय. माणसांवर अजून प्रयोग चालू आहेत. पण ही ती सूज नव्हे. पाठीतून जंतू गेलेत, शेणामातीत सापडतात तसले. इंजेक्शनच्या बाटलीतच घाण होती."

इंजेक्शन दिलं त्या विरारच्या क्लिनिकमधल्या कचऱ्यातून वसुंधराने ती बाटली जप्त केली होती. रबरी बुचावर दोन भोकं होती. एक बारीक, आणि एक इतकं जाड की तसली सुई माणसाला कुणी टोचत नाही.

क्लिनिक चालवणारा डॉ. भूपेश सामंत घामाने भिजला होता.

"पेशी कुठून आणता?"

तो रुमालाने मान पुसू लागला.

"सदोष मनुष्यवध लावते. मग कोर्टातच सांगा."

"पेशी नसतातच," तो पुटपुटला. "सलाईन असतं. मेडिकलमधून आणलेलं, निर्जंतुक. पहिल्या वेळीही तेच दिलं."

"पहिल्यानंतर तो बोलायला लागला."

"आपोआप. काहीजण लागतात. त्यावरच तर आमचं चालतं."

"बाटली तुमच्याकडे कुठून येते?"

"थर्माकोलच्या पेटीत, आमच्याच अंधेरीच्या ऑफिसातून. नातेवाइकांनाच आणायला लावतो, म्हणजे त्यांचा विश्वास बसतो. पहिली पेटी मुलगा थेट क्लिनिकवर घेऊन आला. दुसरी रविवारी आणली आणि रात्रभर घरी ठेवली."

"ताप आल्यावर मुलाला काय सांगितलंत?"

"कसला ताप? मला कुणी कळवलंच नाही."

म्हणजे घाण घरात मिसळली होती. पेटीजवळ जाऊ शकणारी तिघं होती: बायको, मुलगा आणि मटिल्डा.

वसुंधरा नथूच्या बायकोसमोर, यमुनाबाईंसमोर बसली. नवऱ्याचा स्वभाव कसा होता, असं विचारल्यावर त्या पदराचं टोक पिळू लागल्या.

"हात सुटायचा त्यांचा, बाय. माझ्यावर, पोरावर. पन चाळीस वर्षं निभावलं."

"लकवा झाला त्या दिवशी काय झालं?"

"दुपारी सव्वा एकला पानं वाढली. विघ्नेश त्यांना वाडीत बोलवाया गेला. येऊन म्हनाला, बाबांना भूक नाय. मग आमी जेवलो. साडेचारला मीच चहा घेऊन गेले, तर केळीखाली पडलेले."

"कोसळताना कुणी पाहिलं होतं?"

"कोन पाहनार? गडी बारालाच घरी जातात."

"म्हशींना इंजेक्शन कोण देतं?"

"विघ्नेशच. मना तर सुईची भीती वाटते."

मटिल्डाला तिने एकच विचारलं, "पाणी कोण पाजायचं?"

"मी नायतर यमुनामावशी. विघ्नेशने वाटी धरली की दात आवळून घ्यायचा. आमाला वाटायचं, हट्टी आहे."

शेवटचा कागद गुरुवारी सकाळी इस्पितळातून आला. नथूला दाखल केलं तेव्हाचा केसपेपर. तो वाचून वसुंधराने तिघांना पडवीत बोलावलं.

"डॉक्टर सामंत चोर आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या चोरीनेच तो खुनातून सुटला. त्याने नुसतं सलाईन दिलं होतं. जाड सुईने बुचातून शेणकाला घातला तो रविवारी रात्री, या घरात. गोठ्याची फळी सगळ्यांना उघडी आहे. मग प्रश्न असा, की नथू बोलायला लागला याची भीती कुणाला होती?"

तिने केसपेपर उघडला.

"लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, झटका कधी आला? केसपेपरवर लिहिलंय, दुपारी सव्वा एक. माहिती देणारा, मुलगा. उशीर झाला म्हणून ते इंजेक्शन दिलं नाही. विघ्नेश, तू गेलास तेव्हा ते धड होते, भूक नाही म्हणाले, आणि नंतर साडेचारपर्यंत कुणी त्यांना पाहिलं नव्हतं, तर झटका सव्वा एकलाच आला हे तुला कसं कळलं?"

विघ्नेशने ओठ चाटले. "अंदाजाने सांगितलं."

"नाही. डॉक्टरने घाईत विचारलं, तुझ्या तोंडून खरं निघून गेलं. तू जेवायला बोलवायला गेलास तेव्हा ते तुझ्यासमोर कोसळले. तू परत आलास आणि जेवलास. नंतर खोटा डॉक्टर मुद्दाम शोधलास, कारण खऱ्या उपचाराने ते बोलले असते. तरीही ते बोलायला लागले. तेव्हा दुसरी बाटली घरी ठेवून घेतलीस. ताप चढला तो डॉक्टरला कळवला नाहीस, आणि घरच्यांना सांगितलंस की कळवलाय."

यमुनाबाई मुलाकडे बघत होत्या. "हा असं करनार नाय, बाय. नाय म्हन ना रे."

विघ्नेशने नाही म्हटलं नाही.

"त्या दिवशी सकाळी त्यांनी मला कानफटात मारली होती," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "वाडीत, सगळ्या गड्यांसमोर. एक गडी हसला. दुपारी पडले तेव्हा माझ्याकडे बघत होते, एक हात वर करून. मला वाटलं, जरा पडू दे. जेवून झाल्यावर वाटलं, अजून जरा. मग चार वाजले. मग सांगायचं काय?"

शिपायाने बेड्या घातल्या. बाहेर बायाबापड्या जमल्या होत्या. बभ्रा नको म्हणून वसुंधरा त्याला मागच्या दाराने न्यायला वळली.

यमुनाबाई उठून मागच्या दाराला आडव्या उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"इथून नको, बाय," त्या म्हणाल्या. "वाडीत गडी कामाला लागलेत. त्यांच्यासमोरून न्या."