बिनखिळ्यांचा पूल

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी सुकन्याताईंची वस्ती आहे. मागच्या दिवाळीनंतर, थंडी पडू लागली तेव्हा हे तिथे सुरू झालं.

ताई हायस्कुलात विज्ञान शिकवतात. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांच्या आधी हसणारी बाई.

आता हसत नाही.

नावं बदलू का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नको. बदलून काय होणार? त्याला माहीत आहेत सगळ्यांची."

त्या दिवाळीआधीच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, तेव्हा ताईंचा धाकटा दीर आदिनाथ पलीकडून घरी येत होता. पाइपांवरचा जुना पूल त्याच्यासकट वाहून गेला. चप्पल तेवढी सापडली. आदिनाथ नाही.

घरातला सगळ्यात बडबड्या माणूस तो. पुतणीला, म्हणजे ताईंच्या मोनिकाला, सायकल त्यानेच शिकवली. ती चालवायची आणि हा मागे कॅरिअरवर डबलशीट बसून तिच्या कानाशी टकळी लावायचा. तिला मोनिका म्हणून कधी हाक मारली नाही. मोनालिसाच म्हणायचा.

त्या नावापायीच मोनिकाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिओनार्दो दा विंची निवडला. पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला अवलिया. मोनालिसा रंगवणारा तोच. प्रेतं उघडून शरीर आतून कसं चालतं ते बघायचा, आणि माणसाला उडवतील अशा यंत्रांची चित्रं काढायचा. त्याने एक पूलही कागदावर काढून ठेवलाय. त्याला खिळा नाही, दोरी नाही. लाकडं एकमेकांत अडकवायची, बस्स. मोनिकाने तो आइस्क्रीमच्या काड्यांचा केला आणि बक्षीस आणलं.

त्या पुलाची गंमत अशी, की त्यावर वजन ठेवलं की तो आणखी गच्च होतो. वजन काढलं की सैल.

ताईंच्या सासूबाई, कडूबाई, तो काड्यांचा पूल बराच वेळ बघत बसल्या. मग थोरल्या लेकाला, ताईंच्या नवऱ्याला, म्हणाल्या, "सुनील, ह्यो मोठा करता यील का रं? आपल्या वढ्यावर?"

सुनीलला आईचा शब्द मोडवेना. त्याने शेजारच्या वाल्मिकला हाताशी घेतलं, निलगिरीच्या बल्ल्या तोडल्या, खाचा पाडल्या आणि ओढ्यावर पूल उभा केला. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता. शाळेचा लांबचा वळसा वाचला.

ताईंनी घरात एक नियम घातला, पुलावर एका वेळी एकच जण. पहाटेच्या धुक्यात पलीकडचं दिसत नाही. म्हणून पाय ठेवण्याआधी काठाजवळची बल्ली हाताने हलवून बघायची. हलली, तर पूल रिकामा. नाही हलली, तर वर कुणीतरी आहे. ते उतरेपर्यंत थांबायचं.

नियम साधा होता. सगळे पाळायचे.

एका संध्याकाळी ताई शाळेतून परत येत होत्या. अजून उजेड होता. समोर घराच्या अंगणात कडूबाई तांदूळ निवडताना दिसत होत्या. ताईंनी सवयीने बल्लीला हात घातला...

बल्ली हलली नाही.

ताईंनी वर पाहिलं. पुलावर कुणीच नव्हतं.

पुन्हा जोर लावला. गच्च. दवाने लाकूड फुगलं असेल, असं त्या स्वतःला समजावत होत्या. तेवढ्यात काठावरचे रातकिडे एकदम गप्प झाले.

करर्र...

एकच आवाज. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. आणि तिथली बल्ली खाली दबली.

विज्ञानाच्या बाईंनी काय करावं? पिशवी छातीशी धरली आणि मुकाट्याने लांबच्या रस्त्याने घरी आल्या. घरात काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मोनिकाही उशिरा आली. "आई, बल्ली हललीच नाही. मी थांबले, पण उतरलंच नाही कुणी."

पोरगी रोज तिथून जाते, एकटी.

त्यानंतर ताई रोज पूल बघू लागल्या. दबलेली जागा सरकत होती. आधी पलीकडच्या टोकाला होती. मग उंचवट्यापाशी आली. मग उंचवटा ओलांडून अलीकडे.

घराच्या बाजूला.

"अहो, तो पूल काढा," त्या शेवटी नवऱ्याला म्हणाल्या. सगळं सांगितलं. सुनील आधी हसला. "तूच अशी बोलाया लागल्यावर पोरांना काय शिकवशील?" पण बायकोचा चेहरा बघून रविवारी सकाळी पहार घेऊन निघाला. वाल्मिकलाही हाक मारली.

दोघं घामाने निथळले. एकही बल्ली निघेना.

"आरं, इतका गच तर आपन बसवला पन न्हवता," वाल्मिक म्हणाला.

ताई काठावर उभ्या होत्या. त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. "वर वजन असताना नाही निघणार तो."

सुनीलने पहार खाली ठेवली. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. "मग सांग ना त्याला... उतर म्हनावं."

मागून कडूबाई आल्या. कधी आल्या ते कळलंच नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, आनंद होता.

"माझा आदिनाथ हाय त्यो. पूल न्हाई म्हनून अडाकला हुता." त्यांनी पदर सावरला. "ये बाबा. घरी ये."

"आत्या, नका!" ताई ओरडल्या.

करर्र...

करर्र...

करर्र... अगदी पायाशी.

मग अख्खा पूल एकदम सैल झाला. बल्ल्या धडाधड पाण्यात पडल्या.

वाल्मिक तिथून जो पळाला तो थेट घरी. सुनीलने मोठा श्वास सोडला. "सुटलो. गेला एकदाचा."

ताईंना मात्र ते पटलं नाही. त्या वर्गात दर वर्षी शिकवतात, वजन असं नाहीसं होत नाही, एका जागेवरून उठलं की दुसरीकडे पडतं. पूल सैल झाला म्हणजे कुणीतरी उतरलं होतं.

आणि ते अलीकडे उतरलं होतं.

त्या संध्याकाळी अंगणातली आदिनाथची बाज मधोमध खोल गेली. दोऱ्या ताणलेल्या. वर कुणी नाही. कडूबाईंनी तिच्याजवळ ताट वाढून ठेवलं, शेजारी बसून लेकाशी किती वेळ बोलत राहिल्या. रोज तेच. सुनीलने तिकडे बघायचं सोडून दिलं. ताई मोनिकाला जवळ घेऊन झोपू लागल्या.

मग एके दिवशी कडूबाई बाजेजवळून उठल्या आणि ताईंच्या शेजारी येऊन बसल्या.

"सुकन्या... आदिनाथ बाजंवर बसला की पाय हालवायचा. ल्हानपनापासून. मी लई रागवायची त्याला."

"मग?"

"ही बाज हालत न्हाई गं."

ताईंनी वळून बाजेकडे पाहिलं.

"आपन कोनाला बोलावलं?" कडूबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात बाज सैल झाली. दोऱ्या पूर्वीसारख्या ढिल्या. कडूबाईंनी खंडोबाला नारळ फोडला. घरात पुन्हा कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीचा आवाज सुरू झाला. चला, संपलं, असं सुनील म्हणाला.

ताई मात्र घरभर बघत फिरत होत्या. खुर्च्या दाबून बघत होत्या. वजन कुठेतरी पडायलाच हवं होतं.

पूल नसल्यामुळे मोनिका आता सायकलने शाळेत जाते. पाटाच्या कडेकडेने, लांबच्या रस्त्याने. पाट भरून वाहतोय.

परवा ती घामाघूम होऊन घरी आली. "पप्पा, सायकल लई जड चालते." सुनीलने हवा भरली, पंक्चर बघितलं. टायर टणक होता.

काल सकाळी ती निघाली तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. मोनिकाने सायकल स्टँडवरून काढली, आणि अजून टांग मारलीही नव्हती...

मागचा टायर हळूहळू चेपत गेला.

"मोनिका, थांब!"

पोरगी वळली. घाबरलेली नव्हती, कंटाळलेली होती.

"मला माहितीये आई. रोजच बसतो." तिने मागे न बघता आवाज खाली आणला. "पण काका तर किती बोलायचा. हा काहीच बोलत नाही."