कधीच बंद न पडलेलं मशीन

मुलगी सकाळी टॉन्सिल्स काढून घ्यायला उड्या मारत आली आणि दुपारी शवागारात गेली. स्क्रीनवर तिच्या नावापुढे भलत्याच पेशंटची माहिती होती. ज्या औषधाची तिला ॲलर्जी, नेमकं तेच टोचलं गेलं.

हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये माहिती भरणारी ताई भिंतीला टेकून उभी होती.

"हिनेच घोळ घातला," कॉम्प्युटर विभागाचे साहेब म्हणाले. "आणि आता नळ सोडलाय डोळ्यांचा!"

तपासनीस बाईंनी विचारलं, "डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत दोन पेशंटची माहिती आपोआप अदलाबदल व्हायची ना?"

"व्हायची. म्हणून तर गेल्याच महिन्यात मी नवी, नववी टाकली. ही बघा माझी तपासणीची स्क्रिप्ट. मशीनवर कोणती आवृत्ती इन्स्टॉल आहे ते ती सांगते."

स्क्रीनवर उत्तर आलं: आवृत्ती नऊ.

"साहेब, मी तुरुंगात गेले तर आईकडे कोण बघेल?" ताई पुटपुटली.

"ते आधी सुचायला हवं होतं, महाराणी!"

बाईंची नजर भिंतीवरच्या चकचकीत शिल्डवर गेली. "ही कशाबद्दल?"

साहेबांची छाती फुगली. "वर्षभरात आमचा डेटाबेस एक सेकंदही बंद पडलेला नाही. आजही चालूच!"

"एक सेकंदही नाही?"

"शक्यच नाही!"

बाई खुर्चीत बसल्या. स्क्रिप्टमध्ये त्यांनी एकच ओळ वाढवली. ती थेट चालू डेटाबेसलाच विचारत होती, बाबा रे, तू कितवा?

उत्तर आलं: सात.

साहेबांनी स्क्रीनपाशी वाकून आकडा पुन्हा वाचला.

"नवी आवृत्ती टाकली, तरी डेटाबेस एकदा बंद करून सुरू केल्याशिवाय ती कामाला लागत नाही," बाई म्हणाल्या. "तुमची स्क्रिप्ट दुकानाची नवी पाटी वाचते. गल्ल्यावर तोच जुना मालक बसलाय! ताईने माहिती बरोबरच भरली होती, जुन्या आवृत्तीने ती फिरवली. एकदा बंद करावा लागतो, हे तुम्हाला माहीत होतं. पण बंद केला असता, तर शिल्ड गेली असती."

"दोन मिनिटांचंच काम होतं..." साहेबांच्या तोंडून निसटलं.

ताईने पहिल्यांदाच मान वर केली.

बाईंनी शिल्ड खिळ्यावरून काढून साहेबांच्या हातात दिली. "पोलीस येतीलच. तोवर बाहेर बाकावर मुलीची आई बसलीये, लेकीचे बूट मांडीवर घेऊन. ही दाखवा तिला. आणि ते दोन मिनिटांचं तुमच्या तोंडाने सांगा."