दुसरे सर

दामू पागधरेचं ते पत्र नरहरी चुरींना तोंडपाठ होतं. उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नव्हतं. "नरू, शब्द तुझ्याकडं हायत, आवाज माझ्याकडं हाय. दोघं मिळून इंग्रजीचा वर्ग काढू. हो का नाय, तेवढं कळव."

दामू दांडी गावचा, मासेमारांच्या घरातला. किनाऱ्यावरून त्याने हाक मारली की होडीतला माणूस ओ देई. दोघे एकाच शाळेत शिक्षक. दामू हातात वस्तू धरून शब्द शिकवी: नारळ, कंदील, एकदा तर जिवंत खेकडा. नरहरींचा घसा मुलांपुढे कोरडा पडे. आपल्याला जमायचं नाही आणि नाही म्हटलं तर दामू दुखावेल, या घोळात दिवस गेले. मग दामूच वारला.

आता निवृत्तीनंतर पुतणीच्या आग्रहाने ते चिंचणीच्या घरातून इंग्रजी शब्दांचा ऑनलाइन वर्ग घेत. मागची खोली, खिडकीबाहेर चिकूची वाडी, दुपारच्या चहानंतरची वेळ. शब्द, अर्थ, वापर, ते सगळं नीट सांगत, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नसे. पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझत चालले होते.

तेजल मात्र टिकून होती. बोईसरच्या एका लहान दवाखान्यात ती नर्स होती आणि शुक्रवारी तिची मस्कतच्या हॉस्पिटलची ऑनलाइन मुलाखत होती.

"सर, दिवसभर पेशंटशी हिंदी, घरी आपली बोली. इंग्रजी शब्द डोक्यात हाय, तोंडात येत नाय. मागच्या वेळी तशीच गप्प बसले. या वेळी हुकलं तर वयात बसणार नाय मी."

तिने दुसरा कुणी बरा शिक्षक गाठावा, असं नरहरींना मनापासून वाटलं. पण तेही त्यांच्या तोंडून निघेना.

सोमवारी वर्ग आटोपून ते बाहेर आले, तर पत्नी मंगलाबाई वाडीतून येत होत्या.

"अहो, आज आवाज फुटला की तुम्हाला! पार विहिरीपर्यंत ऐकू आला."

"मी तर नेहमीसारखाच बोललो."

"नेहमीसारखे? मग भिंत ओरडली म्हणायची."

मंगळवारी खोलीत ओल्या जाळ्यांचा वास होता. कीबोर्डजवळ एक चिकू पडला होता, आणि त्याच्याखाली चिमूटभर ओली वाळू. नरहरींनी वाळू पुसली. चिकू तसाच राहू दिला.

बुधवारी त्यांनी मोडलेल्या हाडासाठी लागणारे शब्द विचारले. स्प्लिंट, स्लिंग, स्वेलिंग. तेजल धडाधड बोलत गेली.

"एवढं पाठ कधी केलंस?"

"पाठ नाय केलं, सर. ते दुसरे सर हात वर करून दाखवतात ना, ते बघितलं की राहतं."

"कोण दुसरे सर?"

"तुमच्या मागे उभे असतात ते. पांढरा सदरा घालतात. तुमी हळू सांगता, ते मोठ्याने सांगतात. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच हाय त्यांचं."

पालघरला रिक्षा चालवणारा प्रदीप आपल्या चौकोनातून हसला. "काल त्यांनी खेकडा धरलेला. माझी आई मागून किंचाळली!"

नरहरींनी वळून पाहिलं. भिंत, खुंटी, छत्री. पडद्यावर स्वतःच्या चौकोनात पाहिलं. तिथेही भिंत, खुंटी, छत्री.

जाळ्याच्या दोरात अडकून दामूचं बोट तुटलं होतं. ही गोष्ट या मुलांना सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण पडदा पुन्हा गच्च भरला होता. त्यांनी पुढचा शब्द पुटपुटला आणि ते थांबले. त्यांना स्वतःला काहीच ऐकू आलं नाही. मात्र पडद्यावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या, आणि सगळ्यांनी तो शब्द एका सुरात म्हटला.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"सर, घेतलं! घेतलं मला!" तेजल हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "सुरुवातीलाच अडकले हो. बाईंनी विचारलं, पेशंट जिन्यावरून पडला तर काय कराल? माझं तोंड शिवल्यासारखं झालं. मग दुसरे सर दिसले."

"कुठे?"

"त्या बाईंच्या मागे. तिथं, मस्कतला. बोलले काय नाय, नुसता हात वर केला. मग मी थांबलेच नाय. शेवटी बाईच म्हणाल्या, पुरे."

त्या दिवशी वर्गात नरहरी उभे राहिले. चिकू उंच धरला आणि जन्मात ओरडले नव्हते तसे ओरडले. वर्ग दुप्पट ओरडला. वाडीतून मंगलाबाईंनी ओ दिली. नरहरींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सर," प्रदीप म्हणाला, "आज दुसरे सर नाय आले?"

वर्ग संपल्यावर नरहरींनी कागद घेतला. "दामू, हो. वर्ग आपल्या दोघांचा. नरू." पाकिटावर दांडीचा जुना पत्ता घातला आणि ऊन उतरायच्या आत ते टपालपेटीपाशी पोचले.

त्यांनी पाकीट फटीतून आत सरकवलं. ते खाली पडल्याचा आवाज आला नाही.

आतून कुणीतरी ते अलगद घेतलं. घेताना त्यांच्या हाताला बोटं लागली, थंड, ओलसर. त्यातलं एक अर्धंच होतं.