तो म्हणजे कोण?

बाबा गेल्यानंतर मी कामावर परतले, तर माझ्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसून माझ्याच पेनाने कान खाजवत होता.

"खुर्ची माझी आहे. पेनही."

तो गडबडीने उठला. पेन रुमालाला पुसून पुढे केलं.

"राहू दे तुम्हालाच," मी म्हणाले.

"म्हणजे पहिल्याच भेटीत भेट?"

तो मी रजेवर असताना रुजू झालेला नवा प्रोग्रामर. सलाईनच्या पंपाचं सॉफ्टवेअर लिहायचा. पंपाने कसं वागावं याची वाक्यं आधी ठरतात. त्यांतल्या चुका शोधून कोणती किती घातक ते ठरवणं माझं काम. त्या दुपारी मी एका ठिकाणी अडले.

'नळीत हवा दिसल्यास पंप थांबावा व गजर वाजावा. बटण दाबल्यावर तो मिनिटभर थांबून पुन्हा सुरू व्हावा.'

"यातला 'तो' कोण?" मी त्याला विचारलं.

"पंप." मग माझ्याकडे बघत, हळूच – "नाही का?"

"गजर."

त्याचा चेहरा उतरला. मी 'घातक' असा शेरा मारला. साहेब वैतागले.

"अहो, एका सर्वनामासाठी? 'भाषा' या वर्गात टाका, पुढच्या आवृत्तीत बघू. उद्या पंप रुग्णालयात जायचेत."

"बाबांच्या उशाशी असाच पंप होता," मी म्हणाले. "नर्स गजर गप्प करते आणि दुसऱ्या खाटेकडे धावते. ती परत येईपर्यंत पंप थांबलेलाच हवा."



"साहेब," तो म्हणाला, "चूक भाषेपुरती राहिलेली नाही. मी ती पंपात उतरवली आहे. दाखवतो."

त्याने नळीत बुडबुडा सोडला. पंप थांबला, गजर वाजला. त्याने बटण दाबलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे... आणि पंप आपणहून सुरू झाला. बुडबुडा सरकत सरकत थेट सुईपर्यंत गेला.

साहेबांनी चष्मा काढला. "घातकच. एकही पंप बाहेर जाणार नाही."

वाक्य बदललं, पंप बदलला. पुन्हा तपासला तेव्हा बुडबुडा जागचा हलला नाही, आणि साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

जिन्यात त्याने मला गाठलं. खिडकीबाहेर बारीक पाऊस होता.

"चूक माझी पकडली गेली, आणि नाचावंसं मला वाटतंय," तो म्हणाला. "अजून एक वाक्य तपासाल?"

"बोला."

"मला... तुम्ही आवडता."

मी कठडा घट्ट धरला. "अपुरं आहे."

"काय राहिलं?" तो पार घाबरला.

"पुढे जोडा," मी म्हणाले, "'मलाही तुम्ही.'"