टबातले नऊशे ग्रॅम

"साठ!" रेडिओ ओरडला.

"एकोणसाठ!" अडकित्त्याने त्याला मध्येच कापलं.

"एकसष्ट! आणि दोघंही गप्प बसा!" टाचणी म्हणाली.

स्टूल एकच आणि उंच्या तीन! विज्ञानाच्या बाईंना हसू आलं. सुट्टीतही त्या रोज दोन तास शाळेची प्रयोगशाळा उघडायच्या आणि येतील त्यांना मोजायला शिकवायच्या. येत होते हे तिघंच. अखंड बोलणारा रेडिओ, प्रत्येकाचं वाक्य कापणारा अडकित्ता आणि बोलली की टोचणारी टाचणी. खरी नावं फक्त हजेरीपटात उरली होती.

"टाचणी, तुझी पट्टी बघू," बाई म्हणाल्या.

पट्टीचं टोक झिजून तुटलं होतं. ती शून्यापासून नाही, एकपासून सुरू होत होती!

"म्हणजे मी मोजलेलं सगळंच चुकलं?"

"सगळंच, आणि दर वेळी सारखंच. म्हणून तर ही चूक लवकर कळत नाही. मोजण्याआधी साधन शून्यावर आहे का, ते बघायचं. उद्या घरून मोजलेले काही आकडे आणा. आपण आलेख काढू."

दुसऱ्या दिवशी टाचणीने धाकट्या भावाचं वजनाचं कार्ड आणलं. पिल्लू आठ महिन्यांचं होतं. आई रोज म्हणायची, "अगं, उचललं की हलकं लागतं गं मला. पहिल्यासारखं हसतही नाही." आणि टाचणी रोज तिच्यापुढे कार्ड नाचवायची, "आई, आकडे बघ ना! सात किलो! तुला उगाच काळजी करायची सवय आहे."

तिने आलेख काढला. पाचव्या महिन्यात सहा किलो. सहाव्यात एकदम सहा किलो नऊशे! मग रेघ आडवीच्या आडवी.

"एका महिन्यात नऊशे ग्रॅम?" अडकित्त्याने पेन्सिल खाली ठेवली. "आणि पुढचे दोन महिने मिळून फक्त शंभर?"

"काहीतरी जादूचं प्यायला असेल," रेडिओ म्हणाला. "आमच्या शेजारचं बाळही त्याच महिन्यात असंच वाढलं. शेजारच्या काकूंनी केवढं कौतुक..."

तो थांबला. रेडिओ स्वतःहून थांबला, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिघांनी चार घरं पालथी घातली आणि चार कार्डं पाहिली. चारही बाळं एकाच महिन्यात जवळजवळ नऊशे ग्रॅमने वाढली होती!

सकाळी ते बाळांच्या दवाखान्यात पोहोचले. लांब बाकावर आया बसल्या होत्या. नर्सबाई एकट्याच होत्या. वजन करायचं, सुई टोचायची, नोंद करायची, सगळं त्यांनाच. छताच्या आकड्याला गोल तबकडीचा ताणकाटा होता आणि त्याला दोऱ्यांनी लटकवलेला निळा टब. बाळाला आधी टबात ठेवायचं, मग टब काट्याला अडकवायचा.

"नर्सबाई, हा टब रिकामा टांगून बघू का?" टाचणीने विचारलं.

"काटा म्हणजे खेळणं आहे का? चला, बाहेर व्हा! सुट्टी लागली की यांना काही उद्योगच नसतो."

तिघं दाराशी आले. अडकित्ता हळूच म्हणाला, "रेडिओ, लाग कामाला."

रेडिओ औषधांच्या खिडकीशी गेला. "नर्सबाई, सुई टोचल्यावर हातच का दुखतो? डोकं का नाही दुखत? आणि उजवा की डावा ते कोण ठरवतं? आणि..."

"अरे, हो हो हो!" नर्सबाई तिकडे वळल्या.

टाचणीने टब उचलून काट्याला अडकवला. तबकडीवरची सुई थरथरली आणि थांबली. नऊशे.

"ए! हात लावू नकोस सांगितलं ना!"

"नर्सबाई," टाचणी म्हणाली, "टबात कुणीच नाही. मग हे नऊशे ग्रॅम कुणाचे?"

नर्सबाई काट्याजवळ आल्या. त्यांनी टब काढला, पुन्हा टांगला. सुई तिथेच आली.

"आधी कापडाची झोळी होती," त्या पुटपुटल्या. "ती फाटली. तीन महिन्यांपूर्वी हा टब आला. काटा शून्यावर आणायचा राहूनच गेला."

त्यांनी नोंदवही उघडली आणि एकेका आकड्यातून नऊशे वजा करू लागल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या ओळीत गेल्या महिन्याचा रकाना कोरा होता.

"हे बाळ आलं नाही?" अडकित्त्याने विचारलं. "दुसरीकडे राहायला गेलं का?"

नर्सबाईंनी मान हलवली. नाही. बोट त्यांनी त्या ओळीवरून उचललंच नाही.



दुपारी मोठ्या रुग्णालयातून डॉक्टर आले. काटा शून्यावर आणून एकेचाळीस बाळांची पुन्हा वजनं केली. त्यातली नऊ त्याच दिवशी गाडीत घालून न्यावी लागली. पिल्लू त्यांतलंच एक होतं. सात किलोचं पिल्लू सहा किलो शंभर भरलं होतं.

चार दिवसांनी डॉक्टर प्रयोगशाळेत आले. मुख्याध्यापक होते, पालक होते. "जे आम्हा मोठ्यांच्या लक्षात आलं नाही, ते या मुलांनी शोधून काढलं! शाबास!" डॉक्टर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे पुसले.

टाचणी उभी राहिली. "डॉक्टरकाका, हे आम्ही एक महिना आधी शोधलं असतं तर त्या कोऱ्या रकान्याचं बाळ वाचलं असतं?"

टाळ्या थांबल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा घातला.

तिथून ती थेट रुग्णालयात गेली. पिल्लूच्या नाकात बारीक नळी होती. आई कॉटच्या कडेला बसली होती.

"आई, तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही गं. मी तुलाच खोटं ठरवलं!"

"आकडा दिसला की मीही गप्प बसायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

तेवढ्यात इथल्या नर्स काटा घेऊन आल्या. त्यांनी सुई शून्यावर आहे ना ते पाहिलं आणि पिल्लूला अलगद उचललं. ते रडलंसुद्धा नाही. सहा किलो पन्नास. कालच्यापेक्षा पन्नास ग्रॅम कमी.

नर्सच्या हातातलं पेन कागदावर अडखळलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग टाचणीकडे.

"लिहा," टाचणी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "आहे तेवढंच लिहा."