हैबतीचा वाकडा हात

हैबती मला पहिल्यांदा दिसला तो त्याच्या आईच्या हातून भाकरी खाताना. एवढा तरणाताठा गडी, आणि बांधावर बसून तान्ह्या पोरासारखा तोंड उघडतोय! मी पाण्याला निघाले होते, ती तिथेच थांबले. आंबेनळीच्या वाटेला बैलगाडी उलटून त्याचं कोपर मोडलं होतं, आणि पलीकडच्या वाडीत जाऊन माझ्या बाबांनीच, गोमाजी हाडवैद्यांनी, ते बसवलं होतं. बांबूच्या पट्ट्या कधीच सुटल्या होत्या. तरी त्याची आई बनुबाई मायेपोटी तो हात गळ्यात बांधून ठेवायची.

"असाच बांधून ठेवलास तर लाकूड होईल," मी म्हणाले.

"तू कोण गो?" हैबतीने विचारलं.

"ज्यानं हाड बसवलं त्याची पोर. मैना."

हाड बसवणं बाबांचं, नंतर हात चालता करणं माझं. दुसऱ्या दिवसापासून हैबती आमच्या पडवीत येऊ लागला. आधी पिठाचा गोळा मळायचा. मग त्याच हातात कळशी धरून चालायचं, रिकामी, पुढं अर्धी भरलेली. शेवटी जातं. समोरासमोर बसून एकच खुंटा दोघांनी ओढायचा, म्हणजे पलीकडं जाताना कोपर आपोआप सरळ होतं.

"बाप्या माणूस जात्यावर? गाव हसंल..."

"हसू दे. ओढ."

"दुखतंय गो."

"दुखणारच."

"तू जरा गोड बोललीस तर कमी दुखंल."

मी जातं आणखी जोरात फिरवलं. खुंट्यावर त्याचा हात माझ्या हाताला लागायचा, तो बाजूला घ्यायचा नाही... मीही घेत नव्हते.

मग एक दिवस बनुबाईने सांगितलं, नाते गावचे पाहुणे हैबतीला बघायला येणार, तेवढा हात सरळ कर बाय. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, संतापच आला. पण हात केला मी सरळ. पाहुणे यायच्या सकाळी तो काठीसारखा सरळ होत होता.

बनुबाईने बाबांना आणि मलाही बोलावलं होतं. तिच्या अंगणात मुलीच्या बापाने, महिपतीने, त्याला नांगर उचलून दाखवायला सांगितलं. हैबतीने उचलला, कोपर वाकडं केलं आणि दिला सोडून.

"हाडवैद्यानं पोराचा हात घालवला," कोणीतरी म्हणालं. बाबांनी मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला गोठ्यामागे गाठलं.

"माझ्या बापाचं नाव घालवलंस. कशाला?"

"मला त्या पोरीशी लगीन करायचं नाय."

"मग तसं बोलायचं! तोंडाला काय झालं होतं?"

तो तडक अंगणात गेला आणि नांगर थेट डोक्यावर उचलला.

"हात बरा हाय. गोमाजीकाकांनी बसवला, मैनानं चालता केला. मीच लबाडी केली," तो म्हणाला. "लगीन करीन तर मैनाशी."

महिपती तणतणत निघून गेला. बनुबाईने कपाळाला हात लावला. बाबा हळूच माझ्याकडे बघू लागले, आणि सगळं अंगण माझ्याकडे.

पण मला कुणी विचारलं होतं? वाडीभर सांगून मोकळा, आणि जिच्याशी लग्न करायचं तिला एक शब्द नाही! मी त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, पोटभर बोलून घेतलं. तो नांगर डोक्यावर धरून मुकाट ऐकत राहिला.

राग पुरता ओसरला नव्हता. तशातच मी हो म्हणाले.